स्वादुपिंडाला निरोप कोण देतं? १९०२ च्या एका प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

आतड्यात आम्ल उतरलं की स्वादुपिंडातून रस वाहू लागतो, ही गोष्ट १९०२ साल उजाडलं तेव्हा नवी राहिली नव्हती. सेंट पीटर्सबर्गमध्ये इवान पाव्हलोव्ह यांच्या प्रयोगशाळेत ती दिसली होती आणि फ्रान्समधल्या लील इथे वर्थायमर आणि लपाज यांनी ती पडताळून पाहिली होती. निरीक्षणाबद्दल कुणाचाच वाद नव्हता. आतड्यात काय घडलं हे स्वादुपिंडाला कळतं कसं, एवढाच प्रश्न होता. त्याचं उत्तरही बहुतेकांनी मनाशी ठरवून टाकलेलं होतं: मज्जातंतूंमार्फत, दुसरं काय असणार?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या दोघांनी १६ जानेवारी १९०२ रोजी हे उत्तर खोडून काढलं. पाठ्यपुस्तकं हा प्रयोग ‘पहिल्या संप्रेरकाचा शोध’ असं म्हणून दोन ओळींत उरकतात. मला तो उलगडून बघावासा वाटतो तो वेगळ्या कारणासाठी. त्या दिवशी सुटलं ते अर्धंच कोडं होतं. रस वाहायला कोण लावतं हे कळलं. त्या रसात एन्झाइम, म्हणजे अन्न फोडणारी द्रव्यं, कोण घालतं हे कळायला पुढची चाळीस वर्षं गेली. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, याचीच तेव्हा कुणाला कल्पना नव्हती.

पार्श्वभूमी

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं पसरलेलं असतं. लांबी साधारण पंधरा सेंटिमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. एरवी त्याचं नाव निघतं ते मधुमेहामुळे, पण इन्सुलिन बनवणारी लँगरहान्सची बेटं म्हणजे या अवयवाचा जेमतेम एक-दोन टक्के भाग. बाकी जवळजवळ सगळं स्वादुपिंड पाचकरसाच्या कामाला जुंपलेलं असतं. दिवसाकाठी एक ते दीड लिटर रस ते ड्युओडेनममध्ये, म्हणजे जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या पहिल्या भागात, ओततं.

हा रस नेमकं काय करतो हे क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवलं, आणि त्यात सशाच्या शरीररचनेची मदत झाली. सशाची पित्तनलिका जठराजवळ उघडते, स्वादुपिंडाची नलिका मात्र आतड्यात बरीच खाली. चरबी खाल्लेल्या सशाचं पोट उघडलं तर शोषलेली चरबी वाहून नेणाऱ्या आतड्यालगतच्या लसिकावाहिन्या पांढऱ्या, दुधाळ झालेल्या दिसत. पण फक्त स्वादुपिंडाच्या नलिकेच्या खालच्या बाजूच्या. पित्त मिसळलं आहे पण स्वादुपिंडाचा रस अजून मिसळलेला नाही, अशा मधल्या पट्ट्यात चरबी शोषली जातच नव्हती.

पाव्हलोव्ह यांचं काम यापुढचं. व्हेगस हा मज्जातंतू उद्दीपित केला की स्वादुपिंड रस सोडतं, हे त्यांनी १८८८ मध्ये सिद्ध केलं. आधीच्या लोकांना ते जमत नव्हतं, कारण व्हेगसला विजेचा झटका दिला की हृदय मंदावतं आणि स्वादुपिंडाला पुरेसं रक्तच मिळत नाही. पाव्हलोव्ह यांनी प्रयोगाच्या काही दिवस आधीच तो मज्जातंतू कापून ठेवला. तेवढ्या काळात हृदयाकडे जाणारे तंतू निकामी झाले, स्वादुपिंडाकडे जाणारे अजून शाबूत होते. इतक्या कौशल्याने मिळवलेला निष्कर्ष चुकीचा नव्हताच. अडचण अशी झाली की त्याच्या यशामुळे पचनाचा सगळा कारभार मज्जासंस्थाच चालवते, अशी पक्की समजूत झाली.

मग विसंगती पुढे येऊ लागल्या. ड्युओडेनममध्ये आम्ल घातलं की रस वाहतो, हे पाव्हलोव्ह यांचेच विद्यार्थी डोलिन्स्की यांनी पाहिलं. हा मज्जातंतूंचा प्रतिक्षेप, म्हणजे त्यांच्यामार्फत आपोआप घडणारी प्रतिक्रिया, असेल तर मज्जातंतू कापल्यावर तो थांबायला हवा. पोपिएल्स्की यांनी दोन्ही व्हेगस कापले, पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू नष्ट केली; रस येतच राहिला. वर्थायमर आणि लपाज यांनाही तेच आढळलं, शिवाय आम्ल ड्युओडेनमच्या खालच्या आतड्यात, जेजुनममध्ये, घातलं तरीही. दोन्हीकडच्या संशोधकांनी यावर दिलेलं स्पष्टीकरण असं: मोठे मज्जातंतू नसतील, तर आतडं आणि स्वादुपिंड यांच्या मधल्या बारीक गंडिकांमधून, म्हणजे मज्जापेशींच्या गाठींमधून, स्थानिक प्रतिक्षेप चालत असेल. समजूत वाचवण्यासाठी मज्जासंस्था आणखी आणखी लहान करत न्यायची, असा तो प्रकार होता. मला यात मूर्खपणा दिसत नाही. रक्तातून निरोप जातो याचं एकही सिद्ध उदाहरण हाताशी नसताना माहीत असलेल्या मार्गालाच चिकटून राहणं स्वाभाविक होतं.

१६ जानेवारी

बेलिस आणि स्टार्लिंग हे मेहुणे-मेहुणे. स्टार्लिंग यांची बहीण बेलिस यांना दिलेली. स्वभावाने एक सावकाश आणि काटेकोर, दुसरा घाईचा आणि कल्पक. त्यांच्या शोधनिबंधात त्या दिवसाची नोंद इतकी नेटकी आहे की टेबलावर काय काय होतं ते आजही डोळ्यांपुढे आणता येतं.

सुमारे सहा किलो वजनाची कुत्री, आदल्या अठरा तासांपासून उपाशी. आधी मॉर्फिन, मग भूल. कृत्रिम श्वासोच्छ्वास चालू, शरीर कोमट मिठाच्या पाण्यात. दोन्ही व्हेगस कापलेले, पोटातल्या मोठ्या धमन्यांभोवतीचे मज्जातंतूंचे पुंजके काढून टाकलेले. जेजुनमचा एक तुकडा दोन्ही टोकांना बांधला आणि त्याला येणारे मज्जातंतू सोडवून, एकेक करून कापले. आता हा तुकडा उरलेल्या शरीराशी फक्त धमन्या आणि शिरांनी जोडलेला होता. स्वादुपिंडाच्या मोठ्या नलिकेत एक बारीक नळी बसवली होती आणि तिच्यातून पडणारा प्रत्येक थेंब नोंदला जात होता.

पहिल्यांदा ड्युओडेनममध्ये ०.४ टक्के तीव्रतेचं वीस घनसेंटिमीटर हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं. दर वीस सेकंदांना एक थेंब, असा रस सुमारे सहा मिनिटं आला. हे अपेक्षितच होतं.

रस थांबल्यावर त्याच आम्लाचे दहा घनसेंटिमीटर जेजुनमच्या त्या सुट्या केलेल्या तुकड्यात घातले. मज्जातंतूंचा रस्ता बंद. तरी तेवढाच रस आला.

चार्ल्स मार्टिन नावाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ त्या वेळी खोलीत हजर होते आणि त्यांनी पुढे याची आठवण लिहून ठेवली. मग हा रासायनिक प्रतिक्षेपच असला पाहिजे, असं स्टार्लिंग तिथल्या तिथे म्हणाले. पण पुढचं पाऊल या उद्गाराहून मोलाचं. आतड्याचा तुकडा कापून घेतला, त्याचं आतलं अस्तर खरवडलं, खलबत्त्यात वाळू आणि तेच सौम्य आम्ल घालून ते घोटलं, कापसातून गाळलं आणि तो गाळलेला अर्क शिरेत टोचला. आधी रक्तदाब एकदम उतरला. मग सुमारे सत्तर सेकंद काहीच नाही. आणि मग रस वाहू लागला, सुरुवातीच्या दुपटीहून जास्त वेगाने.

अस्तरातून निघालेल्या, रक्तावाटे स्वादुपिंडाकडे जाणाऱ्या या द्रव्याला त्यांनी सेक्रेटिन नाव दिलं. पहिलं टिपण त्याच महिन्यात रॉयल सोसायटीकडे गेलं. ‘हॉर्मोन’ हा शब्द स्टार्लिंग यांनी तीन वर्षांनंतर, १९०५ च्या व्याख्यानांत वापरला.

पुरावा कितपत पक्का?

या प्रयोगाचं वर्णन करताना सगळा भर मज्जातंतू कापलेल्या आतड्याच्या तुकड्यावर दिला जातो. माझ्या मते तो प्रयोगातला कच्चा दुवा आहे. धमन्यांच्या भिंतींमध्येच बारीक मज्जातंतू विणलेले असतात. धमनी शाबूत ठेवून तिच्यावरचा शेवटचा तंतूही गेला, अशी खात्री कुठल्याही शल्यविशारदाला देता येणार नाही. नुसत्या तेवढ्या निष्कर्षावर थांबले असते तर स्थानिक प्रतिक्षेपवाल्यांनी ‘काही तंतू राहिले असतील’ असं म्हणून वाद पुढे चालू ठेवला असता, आणि ते खोटंही ठरवता आलं नसतं.

वाद संपवला तो खलबत्त्याने. शरीरातून काढून, घोटून, गाळून घेतलेल्या द्रवात मज्जातंतू असण्याचा प्रश्नच नाही. आम्लच रक्तात जाऊन हे करत असेल का? नाही, आम्ल सरळ रक्तात टोचलं तर स्वादुपिंड हलत नाही, हे लीलच्या दोघांनी आधीच दाखवलं होतं. ज्यांचं स्पष्टीकरण कोसळलं त्यांच्याच निरीक्षणाचा इथे आधार झाला. मग कुठल्याही अवयवाचा अर्क चालतो का? लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागातून तसा परिणाम मिळत नव्हता, वरच्या भागातून भरपूर मिळत होता. अर्क उकळला तरी गुण जात नव्हता, म्हणजे उष्णतेने निकामी होणारा एन्झाइमही तो नव्हता. रक्तदाब उतरतो म्हणून रस वाहत असेल, ही शंकाही त्यांनी घेतली आणि दोन्ही परिणाम वेगळे करून दाखवले.

एक तर्क मात्र पुढे टिकला नाही. आम्लामुळे अस्तरातल्या निष्क्रिय पूर्वरूपाचं सेक्रेटिन बनतं, असं त्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात सेक्रेटिन तयारच असतं. ड्युओडेनमच्या अस्तरातल्या एस-पेशी ते साठवून ठेवतात आणि आतड्यातला पीएच साधारण ४.५ च्या खाली गेला की रक्तात सोडतात. सत्तावीस अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी आहे. स्टॉकहोममध्ये योर्पेस आणि मुट यांनी ती शुद्ध स्वरूपात वेगळी काढेपर्यंत साठ वर्षं उलटली होती.

ही बातमी सेंट पीटर्सबर्गला पोचली तेव्हाचा प्रसंग पाव्हलोव्ह यांच्या सहकाऱ्यांनी सांगून ठेवला आहे. त्यांच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग करून पाहिला गेला आणि परिणाम तोच आला. पाव्हलोव्ह काही न बोलता अभ्यासिकेत निघून गेले. अर्ध्या तासाने बाहेर येऊन त्यांनी मान्य केलं की लंडनचे लोक बरोबर आहेत, आणि सत्य शोधण्याचा मक्ता काही आपण एकट्यानेच घेतलेला नाही. १९०४ चं नोबेल त्यांनाच मिळालं, पचनावरच्या कामासाठी. बेलिस आणि स्टार्लिंग यांना ते कधीच मिळालं नाही.

ही संशोधनं कुत्र्यांवर झाली, आणि त्याची किंमत काय हा प्रश्न त्याही काळात विचारला गेला. फेब्रुवारी १९०३ मध्ये बेलिस यांनी विद्यार्थ्यांसमोर एका तपकिरी कुत्र्यावर प्रात्यक्षिक केलं. त्याच कुत्र्याची स्वादुपिंडाची नलिका स्टार्लिंग यांनी आधी बांधली होती. कुत्र्याला पुरती भूल नव्हती असा जाहीर आरोप झाला. बेलिस यांनी बदनामीचा दावा लावला आणि जिंकला, दोन हजार पौंड भरपाई मिळाली. पण या ‘ब्राउन डॉग’ प्रकरणावरून लंडनमध्ये पुढे कितीतरी वर्षं मोर्चे आणि दंगे होत राहिले. दाव्याचा निकाल एका बाजूला लागला म्हणून प्रश्न मिटला, असं काही म्हणता येत नाही.

रस मिळाला, पण कसला?

इथून पुढचा भाग पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींत येत नाही.

सेक्रेटिन टोचून नळीतून गोळा केलेला रस स्वच्छ, पातळ आणि अल्कधर्मी होता. तो तसाच प्रथिनांवर घातला तर प्रथिनं पचत नव्हती. आतड्याच्या अस्तराचा थोडा स्राव मिसळला की लगेच पचू लागत. पाव्हलोव्ह यांच्याकडच्या शेपोवाल्निकोव्ह यांनी १८९९ मध्ये आतड्यातला हा घटक ओळखला होता. आज आपण त्याला एन्टेरोपेप्टिडेज म्हणतो. स्वादुपिंड प्रथिनं फोडणारं ट्रिप्सिन बनवतच नाही, त्याचं निष्क्रिय रूप ट्रिप्सिनोजेन बनवतं, आणि त्याचं ट्रिप्सिन होतं ते आतड्यात पोचल्यावर, हे बेलिस आणि स्टार्लिंग यांनी आपल्या पुढच्या कामात ठामपणे मांडलं.

ही व्यवस्था किती नेमकी आहे ते जवळून पाहण्यासारखं आहे. ट्रिप्सिनोजेनच्या एका टोकाला अमिनो आम्लांचा छोटासा जोड असतो. त्यात ओळीने चार अ‍ॅस्पार्टिक आम्लं आणि पाचवं लायसिन. ड्युओडेनमच्या पेशींच्या पृष्ठभागावर बसलेलं एन्टेरोपेप्टिडेज हीच ओळ ओळखतं आणि लायसिनच्या पुढे काप घेतं. जोड गळून पडला की रेणूचा आकार बदलतो आणि ट्रिप्सिन कामाला लागतं. मग हे ट्रिप्सिनच कायमोट्रिप्सिनोजेन, प्रोइलास्टेज, प्रोकार्बोक्सिपेप्टिडेज, प्रोफॉस्फोलायपेज या सगळ्यांना कापून जागं करतं. पहिला काप तेवढा बाहेरून यावा लागतो. पुढचं आपोआप होत जातं. म्हणूनच तो पहिला काप स्वादुपिंडाच्या आत पडून चालत नाही. चुकून थोडं ट्रिप्सिन आतच तयार झालंच, तर त्याला पकडून ठेवणारा एक छोटा रोधक रेणूही पेशी ट्रिप्सिनोजेनच्याच पुटिकांमध्ये, म्हणजे बारीक पिशव्यांमध्ये, भरून ठेवते.

अमायलेज आणि लायपेज मात्र तयार स्वरूपातच बाहेर पडतात. हा भेदभाव का? पेशी बांधलेली असते प्रथिनांनी आणि तिचं आवरण फॉस्फोलिपिडांचं. तिला खरा धोका प्रथिनं कापणाऱ्यांचा आणि फॉस्फोलिपिड फोडणाऱ्याचा, आणि नेमके तेच निष्क्रिय रूपात बनतात. पिष्ट फोडणाऱ्या अमायलेजला पेशीत बिघडवण्यासारखं फारसं काही नसतं. चरबी फोडणारं लायपेज इतकं निरुपद्रवी नाही. स्वादुपिंडाला तीव्र सूज येऊन ते आजूबाजूला झिरपलं तर पोटातल्या चरबीवर खडूसारखे पांढरे ठिपके उमटतात. चरबीतून सुटलेल्या आम्लांनी कॅल्शियमला बांधून घेतल्याची ती खूण.

तर सेक्रेटिनने आणलेल्या रसात एन्झाइम होते, निष्क्रिय का होईना. त्यावरून सेक्रेटिन सगळंच वाहतं करतं, असा अर्थ काढला गेला. पण सेक्रेटिन जसजसं शुद्ध होत गेलं तसतसा रस एन्झाइमच्या बाबतीत फिकट पडत गेला. वारंवार टोचलं तर रसाचं प्रमाण टिकून राही, एन्झाइम मात्र थेंबागणिक उतरत. उलट व्हेगस उद्दीपित केल्यावर मिळणारा रस थोडा, दाट आणि एन्झाइमने भरलेला असे. १९२५ मध्ये मेलनबी यांनी यातून दोन कामं वेगळी केली: पाणी आणि अल्क सेक्रेटिनमुळे, एन्झाइम व्हेगसमुळे. पाव्हलोव्ह आणि स्टार्लिंग दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. ते एकाच अवयवाच्या दोन वेगवेगळ्या पेशींबद्दल बोलत होते.

दुसरा निरोप

मेलनबींच्या वाटणीतही एक भोक होतं. व्हेगस कापलेल्या प्राण्यातही अन्न आतड्यात उतरल्यावर एन्झाइम येतातच. ते कोण आणतं?

१९२८ मध्ये आयव्ही आणि ओल्डबर्ग यांना आतड्याच्या अर्कात पित्ताशय आकुंचित करणारं एक द्रव्य मिळालं; त्याचं नाव कोलेसिस्टोकायनिन. स्वादुपिंडाशी त्याचा संबंध कुणी जोडला नाही. १९४३ मध्ये हार्पर आणि रेपर यांना दिसलं की सेक्रेटिनच्या वेगवेगळ्या अर्कांनी मिळणाऱ्या रसातले एन्झाइम सारखे नसतात. अर्काचे भाग पाडल्यावर त्यांना एक असा भाग मिळाला जो रस फारसा वाढवत नव्हता, पण त्यातले एन्झाइम भरपूर वाढवत होता, आणि मज्जातंतू कापलेले असतानाही. त्यांनी त्याला पँक्रिओझायमिन म्हटलं. १९६० च्या दशकात योर्पेस आणि मुट हे दोन्ही पदार्थ शुद्ध करत गेले तेव्हा कळलं की ही दोन नावं एकाच रेणूची आहेत.

आता १९०२ च्या खलबत्त्याकडे पुन्हा बघितलं की गोंधळाचं मूळ सापडतं. ड्युओडेनम आणि जेजुनमच्या अस्तरात एस-पेशींच्या शेजारीच कोलेसिस्टोकायनिन बनवणाऱ्या आय-पेशी असतात. अस्तर सरसकट घोटलं की दोन्ही द्रव्यं अर्कात उतरण्याची दाट शक्यता. बेलिस आणि स्टार्लिंग यांना ज्या रसात एन्झाइम दिसले तो बहुधा दोन निरोपांचा मिळून परिणाम होता. अर्क इतका कच्चा नसता, तर त्यांना आपल्या शोधातली उणीव कदाचित तेव्हाच दिसली असती.

दोन निरोप कशासाठी, हे ते कशाने सुटतात यावरून समजतं. आम्ल उतरलं की सेक्रेटिन सुटतं, आणि ते नलिकांच्या पेशींना बायकार्बोनेटयुक्त पाणी सोडायला लावतं. मेदाम्लं आणि प्रथिनांचे तुकडे उतरले की कोलेसिस्टोकायनिन सुटतं, आणि नलिकांच्या टोकांना द्राक्षांच्या घडासारख्या लगडलेल्या ॲसिनर पेशी एन्झाइम सोडतात. शिवाय दोन्ही एकत्र आले तर परिणाम नुसत्या बेरजेपेक्षा मोठा होतो. जेवणानंतर रक्तात वाढणारं सेक्रेटिन तसं किरकोळच असतं. कोलेसिस्टोकायनिन आणि व्हेगसची जोड मिळाली की तेवढंही पुरतं. माणसात कोलेसिस्टोकायनिन ॲसिनर पेशीवर थेट किती काम करतं आणि व्हेगसच्या तंतूंना जागं करून किती, यावर अजूनही एकमत नाही. पाव्हलोव्ह यांचा मज्जातंतू असा मागच्या दाराने पुन्हा आत आला आहे.

पेशीच्या आत

निरोप पोचला, पण एन्झाइम बाहेर पडतात कसे? १८७५ च्या सुमारास हायडेनहाइन यांनी उपाशी आणि नुकत्याच जेवलेल्या कुत्र्यांची स्वादुपिंडं सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिली. उपाशी प्राण्यात पेशीचा नलिकेकडचा भाग कणांनी गच्च भरलेला, जेवणानंतर काही तासांनी तोच भाग रिकामा. क्यूने आणि ली यांनी तर जिवंत सशाचं पातळ स्वादुपिंड भिंगाखाली पसरून हे कण नाहीसे होताना प्रत्यक्ष पाहिले. कण म्हणजेच एन्झाइमचा साठा, हा अंदाज तेव्हाच बांधला गेला.

तो साठा तयार कसा होतो हे जेमिसन आणि पलादे यांनी १९६७ मध्ये दाखवलं. गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या कापांना तीन मिनिटं किरणोत्सारी ल्युसिन, म्हणजे प्रथिनांत जाणारं एक अमिनो आम्ल, दिलं, मग साधं ल्युसिन देऊन वाट पाहिली. तीन मिनिटांनंतर किरणोत्सार खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेवर होता, कारण प्रथिनं तिथेच बनतात. आणखी सात मिनिटांनी तो गॉल्जीच्या, म्हणजे प्रथिनं बांधून पुढे पाठवणाऱ्या पेशीतल्या भागाच्या, कडेच्या छोट्या पुटिकांकडे सरकला होता. सदतीस मिनिटांनी तो दाट होत चाललेल्या मोठ्या पुटिकांमध्ये सापडला, आणि दोन तासांच्या आसपास झायमोजेन कणांमध्ये, म्हणजे एन्झाइमचा साठा असलेल्या त्या कणांमध्ये. पेशीतून प्रथिन बाहेर जाण्याचा हा मार्ग पुढे इतर पेशींमध्येही तसाच निघाला. पलादे यांना १९७४ चं नोबेल मिळालं, आल्बेर क्लोद आणि क्रिस्तियां द द्यूव यांच्याबरोबर.

शेवटचा टप्पा कॅल्शियमचा. कोलेसिस्टोकायनिन किंवा व्हेगसचं अ‍ॅसिटिलकोलीन पेशीच्या ग्राहीला, म्हणजे निरोप पकडणाऱ्या रेणूला, चिकटलं की आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं, तेही लाटांलाटांनी, आणि सुरुवात नलिकेकडच्या टोकाला होते. कण पेशीच्या आवरणाला चिकटतात, तोंड उघडतं, आतला ऐवज नलिकेत सांडतो. हीच लाट ओसरलीच नाही, कॅल्शियम बराच वेळ चढलेलं राहिलं, तर कणांमधलं ट्रिप्सिनोजेन पेशीतच जागं होऊ लागतं. तीव्र स्वादुपिंडदाहाची सुरुवात अशीही होते.

रुग्णाच्या बाबतीत

सेक्रेटिन आजही तपासणीसाठी टोचलं जातं. इंजेक्शननंतर ड्युओडेनममधला रस नळीने किंवा दुर्बिणीतून गोळा करतात आणि बायकार्बोनेट मोजतात. सगळ्यात वरचा आकडा लिटरला ८० मिलिइक्विव्हॅलंटच्या खाली राहिला तर स्वादुपिंडाची पाचक ताकद कमी झाली, असं धरतात. ही चाचणी मुख्यतः नलिकांबद्दल सांगते. ॲसिनर पेशींचा राखीव साठा इतका मोठा असतो की लायपेज नव्वद टक्क्यांच्या आसपास घटेपर्यंत शौचातून चरबी जाताना दिसत नाही.

नलिका आणि ॲसिनर पेशी एकमेकांवर किती अवलंबून आहेत हे सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात उघडं पडतं. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये या आजाराचं वर्णन केलं ते स्वादुपिंडातल्या बदलांवरूनच. यात बिघाड एन्झाइममध्ये नसतो. नलिकेच्या पेशींमधली सीएफटीआर ही वाहिनी काम करत नाही, म्हणून पाणी आणि बायकार्बोनेट येत नाही. ॲसिनर पेशी नेहमीसारखे एन्झाइम सोडतात, पण ते वाहून न्यायला द्रवच नसतो. नलिकांमध्ये चिकट बुचं बसतात, मागचा भाग तुंबतो आणि शेवटी ॲसिनर पेशीच नष्ट होतात. अशा बहुतेक रुग्णांना प्रत्येक खाण्याबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. पीएच चारच्या खाली लायपेज मरतं, म्हणून आतल्या गोळ्यांवर आम्लात न विरघळणारं आवरण असतं. तरीही काहींना त्याचा पुरेसा उपयोग होत नाही. बायकार्बोनेट नसल्यामुळे त्यांच्या ड्युओडेनममध्येही आम्लच असतं आणि आवरण वेळेवर विरघळत नाही. मग डॉक्टर कॅप्सूलच्या जोडीला जठरातलं आम्ल कमी करणारं औषध देऊन बघतात.